पोरीचा कोच

माझ्या मुलीला रग्बी शिकवणाऱ्या माणसाचा मला पहिल्या दिवसापासून हेवा वाटत होता, आणि तो कमी व्हावा असं त्याने पुढे काहीही केलं नाही. उलट तो चांगलाच वागत गेला. चांगल्या माणसाचा हेवा करणं फार जड जातं. वाईट माणसाचा केला तर निदान चार लोक आपल्या बाजूने असतात.

आम्ही सिंगापूरच्या एकाच बँकेत होतो. साल दोन हजार चार-पाच असेल. मी फायनान्समध्ये, महिनाअखेरीला आकडे जुळवत बसणाऱ्यांत. तो वरच्या मजल्यावर, श्रीमंत ग्राहकांची सरबराई करणाऱ्यांत. उत्तर इंग्लंडकडचा, सहा फुटांच्या वर, नाक दोन ठिकाणी मोडलेलं, कान शेंगोळ्यांसारखे वळलेले. तो लिफ्टमध्ये शिरला की लिफ्ट लहान व्हायची. एके काळी तो व्यावसायिक रग्बीपटू होता हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण प्रत्येक जण ते दुसऱ्याला सांगायचा. तो स्वतः कधी सांगायचा नाही. त्याचाही मला राग यायचा.

आता माझं ऐका. खेळाडू मीही होतो. पुण्यातल्या एका बँकेत मला नोकरी लागली ती मार्कांवर नव्हे, चढाईवर. खेळाडूंसाठी राखलेल्या जागेवर घेतलं होतं मला. सकाळी मैदानाची माती, दुपारी काउंटर, संध्याकाळी परत माती. राज्याच्या संघातून खेळलो. मग गुडघा गेला, तेव्हा मुकाट्याने पुस्तकं उघडली, परीक्षा दिल्या, आणि बायकोला सिंगापुरात संशोधनाची जागा मिळाली तेव्हा तिच्या मागोमाग इथे येऊन नोकरी शोधली. इथे कुणाला सांगावं की मी खेळाडू आहे, तर पुढचा प्रश्न ठरलेला, ‘‘क्रिकेट?’’ कबड्डी म्हटलं की समोरचा हसून म्हणायचा, ‘‘ते श्वास रोखून धरायचं असतं तेच ना?’’ पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. माझं जिथे पिकत नव्हतं तिथेही विकलं जात नव्हतं.

त्याच्याबद्दल मात्र माहिती गोळा करत बसायचो. दुपारी डबा खाता खाता इंटरनेटवर त्याच्या नावाचा शोध घ्यायचा, हा माझा छंदच झाला होता. त्यातून कळलं की रग्बी हा एक खेळ नाहीच, दोन आहेत. एक तेरा जणांचा आणि एक पंधरा जणांचा. तेरा जणांचा खेळ कामकरी लोकांचा, उत्तरेकडच्या गावांमधला. त्यात पाडलेला गडी उठतो, चेंडू जमिनीवर ठेवतो, पायाने मागे सारतो आणि खेळ पुढे चालू. पंधरा जणांच्या खेळात खाली पडलेल्याने चेंडू सोडून द्यायचा, आणि मग दोन्हीकडचे त्याच्यावर तुटून पडतात. बाहेरच्याला दोन्ही सारखेच दिसतील, पण त्या गावांमध्ये एका खेळातून दुसऱ्यात जाणं म्हणजे पोरानं घर सोडून घरजावई होणं. पूर्वी तर पैसे घेऊन तेरा जणांत गेलेल्याला पंधरावाले जन्मात पुन्हा जवळ करत नसत. पुढे पंधरा जणांच्या खेळातही पगार सुरू झाले आणि वारं उलटं फिरलं. आमचे साहेब त्या वाऱ्याबरोबर गेलेले.

तेरा जणांच्या खेळात तो खरोखर मोठा होता, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागलं. पण पंधरा जणांच्या खेळात गेल्यावर सुरुवातीचा गाजावाजा ओसरला, देशाचा अंगरखा अंगावर चढला तो थोडक्या वेळा, शेवटच्या वर्षांत तर तो राखीव गड्यांतच बसलेला असायचा. हे वाचून मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी डब्यातली कारल्याची भाजीसुद्धा संपवली. घरी जाऊन बायकोला सांगितलं, ‘‘अगं, हे प्रकरण वाटतं तेवढं मोठं नाही. दुसऱ्या खेळात जमलंच नाही त्याला.’’

‘‘दोन खेळांतून देशासाठी खेळला आणि जमलं नाही?’’ ती म्हणाली. ‘‘पोटात दुखतंय तुझ्या. ओवा देऊ?’’

आमची मुलगी तेव्हा अकरा-बारा वर्षांची. सेंगकांगला आमचा फ्लॅट होता आणि इमारतीच्या पायथ्याशी इथल्या सगळ्या सरकारी इमारतींना असतो तसा खांबांवरचा मोकळा मजला, व्हॉइड डेक. तिथे भिंतीवर पाटी होती, चेंडूचे खेळ खेळायला मनाई आहे. कबड्डीला चेंडू लागत नाही. म्हणजे नियम माझ्या बाजूने होता. रविवारी सकाळी मी खडूने रेघा मारायचो आणि आजूबाजूच्या मराठी घरांतली चार-सहा पोरं गोळा करून शिकवायचो. बाकीची पोरं आईबापांनी ढकलली म्हणून यायची, आमची मात्र मनापासून. पाय कसा पुढे टाकायचा, नजर एकीकडे आणि हात दुसरीकडे कसा न्यायचा, हे तिला सांगावं लागायचं नाही, दाखवलं की व्हायचं. घोट्याला अशी पकड घालायची की मोठा पोरगाही आडवा. फरशीवर गुडघे फुटायचे, बायको ओरडायची, आणि पोरगी इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणायची, ‘‘नेव्हर माइंड लाह, वन मोअर टाइम, बाबा.’’ तो माझ्या परदेशातल्या वर्षांतला सगळ्यात सुखाचा काळ. नवीन पाटी कोरी असते, वाटलं, हिच्यावर मी माझ्या हाताने लिहीन.

मग तिच्या शाळेतल्या एका मैत्रिणीने तिला शनिवारी बुओना व्हिस्टाच्या बाजूच्या मैदानावर नेलं. तिथे मुलींची टच रग्बी चालायची. पाडापाडी नाही, नुसता हात लावायचा. शिकवणारा कोण, तर हा. बँकेतून सुटला की शनिवारी फुकट शिकवायचा. ती घरी आली ती लालबुंद होऊन, आणि जेवताना तोंडाचा पट्टा थांबेना. कोच असं म्हणाला, कोच तसं म्हणाला. ‘‘कोच सेज माय फूटवर्क इज व्हेरी गुड. ही आस्क्ड, हू टॉट यू.’’

मी भात कालवता कालवता थांबलो. ‘‘मग तू काय सांगितलंस?’’

‘‘आय सेड नोबडी. जस्ट प्लेइंग डाउनस्टेअर्स.’’

नोबडी! अंगाचा तिळपापड झाला माझ्या. बायकोने टेबलाखालून पाय दाबला म्हणून गप्प बसलो. वर्षभर खडू झिजवले मी, आणि आयत्या बिळावर हा नागोबा.

त्यानंतर रविवारची कबड्डी हळूहळू बंदच पडली. शनिवारी खेळून तिचे पाय दुखायचे. बाकीच्या पोरांच्या आयांना सुटल्यासारखं झालं असावं. मी मात्र दर शनिवारी तिला घेऊन त्या मैदानावर जायला लागलो. आधी LRT ची छोटी गाडी, मग MRT, म्हणजे इथली मेट्रो, मग गाडी बदलून पुन्हा MRT, असा शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा प्रवास. ती एकटी जाऊ शकली असती. पण मला बघायचं होतं तो काय शिकवतो ते. चूक सापडेल अशी आशा होती. सापडायची नाही. तो ओरडायचा नाही, मुलींच्या पाठीवर थापा मारायचा नाही, शिट्टीही फारशी वाजवायचा नाही. एखादी चुकली की तिच्याजवळ जाऊन गुडघ्यावर बसायचा आणि हलक्या आवाजात काहीतरी सांगायचा. आमची पोरगी अशी मान वर करून ऐकत असायची की माझं एकही वाक्य तिने तसं ऐकल्याचं मला आठवत नव्हतं.

एकदा वर्गाच्या शेवटी आईबाप विरुद्ध मुली असा सामना ठेवला. मला नको होतं, पण पोरगी म्हणाली, ‘‘बाबा, यू सेड यू वॉज अ प्लेयर.’’ त्या ‘सेड’ने मी बूट बांधले. वाटलं, दाखवूच. हात लावण्याचाच तर खेळ आहे. अख्खं तारुण्य मी लोकांना हात लावून पळण्यात घालवलंय.

आणि खरंच, बचाव करताना मी भारी पडत होतो. हात लावायचा आणि झटकन मागे सरायचं, हे टच रग्बीचं अर्धं तंत्र माझ्या हाडात होतं. दोन-तीन आया ‘‘ओहो’’ म्हणाल्या. मग कुणीतरी चेंडू माझ्या हातात दिला. मी सुटलो. मध्यरेषा ओलांडली, एका पोरीला हुलकावणी दिली, दुसरीला दिली, आणि तिसरीने मागून माझ्या कमरेला बोटं लावली. इथे नियम साधा होता. थांबायचं, चेंडू तिथेच खाली ठेवायचा, पाठीमागचा गडी उचलतो. पण अंगाला हात लागल्याबरोबर डोक्याचं काम संपलं. समोरच्या अंगणात आपल्याला पकडलं आहे एवढंच शरीराला कळलं. मी चेंडू टाकून दिला, गर्रकन मागे वळलो आणि जिवाच्या आकांताने मध्यरेषेकडे सूर मारला. उजवा हात लांब करून बोटं रेषेपलीकडे टेकवली, आणि तसाच पालथा पडून पंचाच्या शिट्टीची वाट बघत राहिलो. कबड्डीत असा हात टेकला की जितक्यांनी तुम्हाला धरलंय तितके बाद. माझ्या डोक्यात मी गडी मारून परतलो होतो.

मैदानभर हसू फुटलं. एक चिनी बाप तर पोट धरून खाली बसला. आमची पोरगी हसली नाही. ती दुसरीकडे बघत होती, आणि ते फार वाईट होतं.

कोच धावत आला. मला हात देऊन उठवलं, आणि बाजूला नेऊन म्हणाला, ‘‘मीही हे केलंय. पंधरा जणांच्या खेळातला माझा पहिला मोठा सामना. मला पाडलं, आणि मी नेहमीच्या सवयीने उठलो, चेंडू जमिनीवर ठेवला आणि टाचेने मागे सरकवला. जुना खेळ. मागे आमचं कुणीच नव्हतं. त्यांनी उचलला आणि गुण केला. भरलेलं स्टेडियम हसत होतं.’’ मग त्याने विचारलं, ‘‘तू कुठला खेळ खेळायचास?’’

सिंगापुरात आल्यापासून हा प्रश्न कुणीतरी सरळ विचारावा म्हणून मी थांबलो होतो. आणि विचारला तो यानेच. मी सांगितलं. त्याने नीट ऐकलं, चढाई किती वेळाची, रेषा कुठल्या, सगळं विचारलं. तेव्हाही मला काय वाटलं सांगू? चूकसुद्धा याची भरल्या स्टेडियममधली. माझी आपली एका कोपऱ्यातल्या गवतावरची, चार आयांसमोर.

घरी परतताना गाडीत पोरगी म्हणाली, ‘‘बाबा, नेक्स्ट टाइम यू जस्ट वॉच, ओके?’’

तेव्हाच मी ठरवलं की हिला एकदा तरी माझ्या मैदानावर, माझ्या लोकांसमोर, माझा खेळ खेळताना बघायचं. बाकी काही नको होतं मला. इथल्या मराठी मंडळाचा गणपती मोठा असतो. गाणी, नाटुकली, लहान मुलांचे नाच, मोदकांची स्पर्धा, सगळं. कबड्डी मात्र कधी नाही. कमिटीपुढे मी दर वर्षी विषय काढायचो आणि कुणीतरी विम्याचं काढून तो झोपवायचं. बँकर आणि अकाउंटंट मंडळी सगळी. धोका दिसला की आधी त्याला नाव देतात आणि मग नकार. शेवटी ती तेरा वर्षांची झाली त्या वर्षी मी सगळी पूर्वतयारी करूनच बैठकीला गेलो. हौगांगच्या कम्युनिटी क्लबचा हॉल, ज्यूडोवाल्यांकडून उसन्या आणलेल्या चटया, दोन डॉक्टर प्रेक्षकांत, आणि फक्त मुलींचा सामना. मुलींचा म्हटल्यावर नाही म्हणायला कुणाची जीभ रेटेना.

तारीख ठरली. घरी येऊन सांगितली तर पोरगी पांढरी पडली. त्याच शनिवारी तिच्या टच रग्बीच्या संघाची क्वालालंपूरला स्पर्धा होती. तिची पहिली. ती संघातली सगळ्यात वेगवान पोरगी होती, तिच्या जागेवर दुसरी कोणी नव्हती.

‘‘बाबा, कॅनॉट लाह,’’ ती म्हणाली. ‘‘टीम हाऊ?’’

‘‘आणि माझी टीम?’’ मी म्हणालो. ‘‘मी तुला एकदाच विचारतोय. पुन्हा विचारणार नाही.’’

मी शब्दाला जागलो. पुन्हा विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे काय, तर बोललोच नाही. चहा घ्यायचा, पेपर घ्यायचा, ऑफिसला जायचं. बायको म्हणाली, ‘‘अरे, जाऊ दे तिला. तारीख बदल नाहीतर.’’ तारीख बदलता आली असती का? कदाचित आली असती. पण त्याच्या स्पर्धेसाठी माझा गणपती पुढे ढकलायचा? मान सांगावा जनात, अपमान ठेवावा मनात, म्हणतात. मी मनात ठेवून त्याचं लोणचं घातलं होतं. ऑफिसात तो लिफ्टमध्ये भेटला. ‘‘शनिवारी तुमचा काही कार्यक्रम आहे म्हणे,’’ तो म्हणाला. मी म्हटलं, ‘‘हो, आमचा आपला घरगुती.’’ तो आणखी काही बोलेल असं वाटलं, पण माझा मजला आला.

गुरुवारी संध्याकाळी पोरगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. ‘‘आय ॲम प्लेइंग कबड्डी,’’ ती म्हणाली आणि खोलीत गेली.

काय सांगू काय झालं मला! जिंकलो. दुसरा शब्द नाही. तेरा जणांचा, पंधरा जणांचा, काय तो त्याचा खेळ असेल तो असो, शेवटी पोरीने बापाची बाजू घेतली. रक्त ते रक्त. रडली असेल, तर रडेना का, मोठे निर्णय रडूनच घेतले जातात. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर निघालो आणि लिटल इंडियातून सगळ्या मुलींसाठी केशरी टी-शर्ट आणले. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘फार उडू नकोस.’’ मी उडतच होतो.

शनिवारचा सामना जसा झाला तसा मी आजही डोळ्यांसमोर आणू शकतो. चटयांवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या रेषा मी स्वतः मारल्या होत्या. हॉल भरला होता. भारतातून आलेले आजी-आजोबा पुढच्या खुर्च्यांवर. समोरच्या संघातल्या मुली मोठ्या होत्या, दोघी तर कॉलेजच्या. पहिल्या चढाईत आमची पोरगी गेली ती खाली बघत, जीव नसल्यासारखी, आणि लगेच पकडली गेली. पण दुसऱ्यांदा गेली तेव्हा ती वेगळीच होती. चिडली होती. ओठांत ‘कबड्डी कबड्डी’चा दम स्पष्ट, शब्द एकाला एक जोडलेले, कुठे तुटत नव्हते. डाव्या कोपऱ्याला पाय दाखवला, उजव्या कोपऱ्याला हात लावला, आणि कुणाला कळायच्या आत परत. मग एकामागून एक. लोण चढला तेव्हा हॉलमध्ये अशी शिट्टी वाजली की क्लबचा सिंगापुरी मॅनेजर काय झालं म्हणून बघायला आला. मी पंच होतो, म्हणून तोंड बंद ठेवणं भाग होतं. तोंड बंद ठेवून रडता येतं हे त्या दिवशी कळलं.

सामना संपल्यावर मंडळाचे एक ज्येष्ठ गृहस्थ माझा हात हातात घेऊन म्हणाले, ‘‘कुठे शिकली हो ही? तुम्हीच शिकवलंत ना? दिसतंच.’’ सगळ्यांसमोर म्हणाले. त्या एका वाक्यासाठी मी किती वाट पाहिली होती ते त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी नुसती मान हलवली. बायको आरतीच्या तयारीसाठी थांबली, आणि मी पोरीला घेऊन निघालो.

दिवस अजून मावळला नव्हता. सेंगकांगला MRT तून उतरून आम्ही LRT त बसलो. डबा जवळजवळ रिकामा होता. तिचा केशरी टी-शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. मी आज खुशीत होतो, मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. म्हटलं, ‘‘बरं झालं ना, राहिलीस ते?’’

‘‘आय डिडन्ट स्टे,’’ ती बाहेर बघत म्हणाली. ‘‘कोच ड्रॉप्ड मी.’’

मला आधी कळलंच नाही. ‘‘म्हणजे? संघातून काढलं? का?’’

मग तिने सांगितलं. अर्धं इंग्रजीत, आणि मला नीट कळावं म्हणून असेल, अर्धं मराठीत. तिने कोचला सांगितलं होतं की मी येणार, बाबांचं ते काय ते नंतर बघू. कोचने विचारलं, बाबांनी किती वेळा विचारलं? ती म्हणाली, एकदा. त्यावर त्याने तिचं नाव संघातून काढलं. ती रडली, भांडली, दुसऱ्या मुलीही भांडल्या. तो ऐकेना. मग त्याने तिला एकटीला बसवून त्याच्या वडिलांबद्दल सांगितलं. ते त्याच्या गावच्या तेरा जणांच्या क्लबचे जुने खेळाडू. पोरगा पंधरा जणांत गेला तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण सामना बघायला एकदाही गेले नाहीत. पुढे गावचं जुनं मैदान विकलं गेलं. तिथला शेवटचा सामना सगळ्या जुन्या खेळाडूंनी आपापल्या मुलांना घेऊन खेळायचा ठरवला, तेव्हा वडिलांनी त्याला फोन केला. एकच. त्या दिवशी त्याच्या नव्या संघाचा सामना होता. तो तिकडे गेला. वडील त्यावर कधीच काही बोलले नाहीत, आणि मग बोलायला राहिले नाहीत.

‘‘तो म्हणाला, युअर डॅड विल नॉट आस्क अगेन,’’ ती म्हणाली. ‘‘तो म्हणाला, आय नो धिस टाइप.’’

मी डब्यातला दांडा धरून उभा होतो. दोन वर्षं मी त्या माणसाचं एकेक पान उलगडत बसलो होतो, कुठल्या सालात किती सामने, कुठे पडला, कुठे उठला, आणि यातलं काहीच मला सापडलं नव्हतं. ते त्याने माझ्या पोरीला सांगितलं. मला लिफ्टमध्ये सांगायला आला होता बहुतेक. माझ्या हॉलमधली शिट्टी, त्या गृहस्थांचं वाक्य, केशरी टी-शर्ट, सगळं त्याने मला दिलेलं होतं. वर मला पुरतं ओळखूनही होता. एवढा हेवा मला त्याचा कधीच वाटला नव्हता, त्याच्या नावाचा नाही, उंचीचा नाही, की त्या देशाच्या अंगरख्याचा नाही.

तिचा फोन वाजला. क्वालालंपूरहून मैत्रिणीचा मेसेज होता. तिने वाचला, आणि पुन्हा वाचला.

‘‘लॉस्ट,’’ ती म्हणाली. ‘‘सेमीज. बाय वन ओन्ली.’’

‘‘अरेरे,’’ मी म्हणालो. अगदी लगेच म्हणालो. पण त्या शब्दाच्या आधी, पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ, मला बरं वाटलं होतं. ती माझ्याकडेच बघत होती. समोरच्याच्या चेहऱ्यावरची नस हलली की ओळखायची, हे मीच तिला शिकवलं होतं.

‘‘यू हॅपी, इज इट?’’

‘‘नाही गं. काहीतरीच काय.’’

तिने फोन बॅगेत टाकला आणि चेन ओढली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती अगदी शांतपणे, एखाद्या लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली, ‘‘इट्स ओके, बाबा. कोच सेड, इफ वी लूज यू विल बी हॅपी. ही सेड, लेट हिम.’’